बंब, बॉम्ब आणि उटणं

गेल्या महिन्यात नातीचा फोन आला. ती न्यू जर्सीत असते. "आजी, मी घरी बाथ बॉम्ब केले!" मला ऐकू आलं 'बाथ बंब'. मी म्हटलं, "अगं, बंब घरी कसा करशील? तो तांबट ठोकून देतो. आणि तिथे जाळायला शेण्या-ढलप्या कुठून आणणार तू?" पलीकडे शांतता. मग तिची आई फोनवर आली आणि माय-लेकी दोघी हसत सुटल्या. आमच्या वाईच्या वाड्यात अंघोळीचं पाणी तापवायला जो तांब्याचा बंब होता तो या मुलीने कधी पाहिलेलाच नाही, आणि तिचा बॉम्ब मी पाहिलेला नव्हता. मग तिने फोटो पाठवले. लिंबाएवढे गोळे, एक गुलाबी, एक हिरवा, एकावर वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या चिकटवलेल्या. टबातल्या पाण्यात टाकला की फसफसतो, पाण्याला रंग आणि वास येतो.

"सगळं नॅचरल आहे हं आजी," असं तीन वेळा सांगून झालं. मी कृती विचारली. दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी लिंबूफूल (तेच ते, दुकानात सायट्रिक ॲसिड म्हणून मिळतं), थोडं मक्याचं पीठ, चमचाभर खोबरेल, वासाला हवं ते. सगळं कोरडं कालवायचं, पाण्याचा अगदी हलका फवारा मारायचा आणि साच्यात दाबून वाळवायचं. पाणी जरा जास्त झालं की गोळा तिथेच फुगून फुटतो. आमच्या डोंबिवलीच्या भाचीने हाच उद्योग ऐन श्रावणात केला, तर तिच्या गोळ्यांचे रातोरात अनारसे झाले. इथे सोलापूरच्या कोरड्या हवेत माझे पहिल्याच फटक्यात जमले. होय, मी पण करून पाहिले! टब नाही, म्हणून बादलीत सोडला. दोन मिनिटं फसफस झाली आणि संपली. हे म्हणाले, "ईनो प्यायचं असतं ना, त्यात पाय कशाला बुडवतेस?"

चेष्टेत म्हणाले खरे, पण बरोबर होतं. ही कल्पना पोटाच्या गोळीवरूनच सुचलेली आहे. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातल्या पूल गावी मो कॉन्स्टंटाईन नावाच्या बाईंनी १९८९ साली घराच्या शेडमध्ये पहिला बाथ बॉम्ब केला. पाण्यात फसफसणारी पित्तशामक गोळी पाहून त्यांना वाटलं की अंघोळीच्या पाण्यात असं काही का टाकू नये. सोड्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, एवढंच त्यातलं रसायन. पुढे त्या नवरा-बायकोंनी आणखी काही जणांना घेऊन 'लश' नावाची कंपनी काढली आणि हे गोळे जगभर गेले. १९८९ हे साल जरा लक्षात ठेवा मंडळी, पुढे पुन्हा येणार आहे.

तर नातीचं पुढचं वाक्य असं होतं: "आजी, तुझ्या त्या उटण्यात काय काय असतं ते सांग ना. मला दिवाळीसाठी उटण्याचा बॉम्ब करायचाय."

ते सांगायला मी बसले, आणि लक्षात आलं की मला पूर्ण येत नाही.

आमच्याकडचं उटणं आत्या करायची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, मोठी बहीण. माझा जन्म १९५१ चा. मला आठवतं तेव्हापासून आत्या आमच्याच घरी होती. तेराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी माघारी. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट पदर. आम्हा मुलांना त्यात वेगळं काही वाटत नसे. आत्या अशीच असते असं आम्ही धरून चाललो होतो.

नवरात्र संपलं की तिचं काम सुरू होई. काष्ठौषधींच्या दुकानातून पुड्या येत. नागरमोथ्याच्या गाठींत वाळू आणि केस फार. त्या निवडायच्या, केस निखाऱ्यावर जाळून घ्यायचे, मग धुऊन वाळवायच्या. वाळा कात्रीने बारीक कातरायचा. आंबेहळद, कपूरकाचरी, गव्हला-कचोरा (बायका सर्रास 'गव्हला-कचरा' म्हणत आणि आम्ही पोरं हसत असू), संत्र्याच्या वाळवलेल्या साली, मसुरीचं पीठ. आश्विनाचं ऊन कडक असतं. अंगणात सुपं मांडलेली आणि आत्या चिमण्या हाकत बसलेली. मग लोखंडी खलबत्ता. दुपारभर ठणठण चाले. शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ. जे वर उरे ते पुन्हा खलात.

नागरमोथ्याला ती गुलाबपाण्याचा हबका मारून वाळवी, पुन्हा हबका, पुन्हा ऊन, असं तीनदा. आणि सगळं एकत्र झालं की पितळेच्या डब्यात मधोमध केवड्याचं कणीस खोचून डबा आठ दिवस फडक्याने बांधून ठेवी. तो डबा उघडला की माजघरापासून ओटीपर्यंत वास जाई.

आता जरा इतिहासात शिरते. पस्तीस वर्षं मुलांना इतिहास आणि मराठी शिकवलं, सवय जात नाही.

'उटणं' हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन' वरून आला. हिंदीतलं उबटन त्याचंच भावंड. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे. त्यात अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन, मग स्नान असा क्रम लावलेला आहे. आधी अंगाला तेल, आणि ते तेल काढायला कोरडं चूर्ण. म्हणजे उटणं ही मुळात चैन नव्हे. नुसत्या पाण्याने तेल जात नाही, पिठाने ते शोषलं जातं. आपल्याकडे दिवाळीला तेल-उटण्याची जोडी सुटत नाही ती यामुळे. थंडी तोंडावर आलेली असते, कातडी तडकायला लागलेली असते.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात (नाव वाचून दचकू नका, मी शिक्षिका आहे आणि काय वाचावं ते मला कळतं) शहरी रसिक माणसाच्या दिनक्रमाचं वर्णन आहे. त्याने रोज स्नान करावं, एक दिवसाआड अंग चोळून घ्यावं आणि दर तिसऱ्या दिवशी 'फेनक' वापरावं. फेनक म्हणजे फेस आणणारं काहीतरी. आपल्याकडे रिठा आणि शिकेकाई पिढ्यान्पिढ्या होतीच. दोन्हींत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने पाण्याला फेस येतो आणि तेलकटपणा सुटतो. तेव्हा 'साबण इंग्रजांनी आणला' हे वाक्य मी वर्गात पंचवीस वर्षं बोलले ते अर्धंच खरं. विलायती वडी त्यांनी आणली. फेस आपल्याकडे होता.

आमच्या सोलापूरहून फार लांब नाही, बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. ही चालुक्यांची कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. राजाने कसं राहावं, काय खावं, हत्ती कसे पारखावे, सगळं त्यात आहे. त्यात राजाच्या उपभोगांत स्नानाचा वेगळा भाग आहे. फुलांचा वास दिलेलं तिळाचं तेल, ते चोळणारी माणसं, नंतर तेल काढायची चूर्णं. राजाला अंघोळीला किती हात लागत असतील! आणि दीडशे वर्षांनी लीळाचरित्रात पाहा. त्यात 'मर्दनामादने' असा जोडशब्द येतो. मर्दन म्हणजे अंग चोळणं आणि मादणं म्हणजे स्नान. मर्दन राहिलं, 'मादणं' मात्र मराठीतून पुसून गेलं. एवढा छान शब्द कुठे हरवला कोण जाणे.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे हे १९१९ पासून १९६१ पर्यंत हस्तलिखितांचे क्युरेटर होते. दिवसभर पोथ्या चाळायच्या आणि त्यांतून जिलबी, विडा, अत्तर असल्या गोष्टींचे इतिहास काढायचे, असा माणूस. शेकडो लेख लिहिले. त्यांना एक पोथी सापडली, 'गंधवाद' नावाची. सुगंधी द्रव्यं कशी करायची याचा संस्कृत ग्रंथ, आणि त्यावर चक्क मराठी टीका! गोड्यांनी ती टीका साधारण १३५० ते १५५० या काळातली ठरवली. म्हणजे कोणीतरी मराठी माणूस पाचशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत अत्तरं आणि चूर्णं समजावून सांगत बसला होता. त्याच पोथीत गंगाधराचा 'गंधसार' आहे. हे दोन्ही ग्रंथ छापून आले ते बडोद्याहून, १९८९ साली. ज्या वर्षी डॉर्सेटला तो पहिला गोळा फसफसला, त्याच वर्षी.

भाच्याने मला त्याची पीडीएफ पाठवली. डोळे दुखेपर्यंत वाचली, अर्धी समजली. गंधसारात सुगंधी करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावन म्हणजे चूर्णाला द्रवाची पुन्हा पुन्हा पुटं देणं. वैद्य मंडळी अजून 'भावना देणे' म्हणतात. वासन म्हणजे फुलांच्या संगतीत ठेवून वास लावणं. मी वाचता वाचता थांबले. नागरमोथ्याला तीन वेळा गुलाबपाणी हे भावन. डब्यात केवड्याचं कणीस हे वासन. आत्याला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं. ही पोथी तिने बघितली असण्याचा प्रश्नच नाही. पण पोथीतली क्रिया तिच्या हातात होती. हाताकडून हाताकडे आली असणार. आणि तशा हातांनी आपली नावं कुठे लिहून ठेवली नाहीत.

असो. साबणाकडे येते, कारण आत्याची गोष्ट साबणाशिवाय पुरी होत नाही.

त्याआधी एक छोटं विषयांतर. बॉम्ब इंग्लंडहून आला म्हणून नाकं मुरडणाऱ्यांसाठी हे सांगते. पाटण्याचा शेख दीन महंमद नावाचा माणूस १७८४ साली आयर्लंडला गेला आणि पुढे १८१४ च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटनला त्याने स्नानगृह काढलं. वाफेची अंघोळ आणि अंग चंपी करून देणं हा धंदा. 'चंपी'वरून त्याचं 'शाम्पूइंग' झालं. मोठमोठे साहेब रांगा लावून अंग रगडून घेत, खुद्द राजा चौथा जॉर्जसुद्धा. म्हणजे आपली चंपी तिकडे गेली आणि बाटलीत बसून शाम्पू होऊन परत आली. हिशेब सारखाच आहे.

विलायती साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या त्या १८८८ साली. लिव्हर ब्रदर्सचा सनलाईट. १८९५ ला लाईफबॉय आला. आमच्यासारख्या घरांत मात्र तो लवकर शिरला नाही, आणि कारण पैशाचं नव्हतं. साबणात जनावराची चरबी. ज्या अंगाने देवपूजा करायची त्याला चरबी कशी लावायची? १९१८ मध्ये आर्देशीर गोदरेज यांनी चरबी न घालता वनस्पतीच्या तेलापासून साबण काढला. नाव 'चावी'. आधी कुलपं करत होते ना! स्वदेशीचा काळ, त्यात चरबी नाही. सोवळ्या घरांत साबणाला वाट मिळाली ती तिथून पुढे. तरी आमच्या आजीने मात्र मोरीत साबण येऊ दिला नव्हता. कपड्यांना चालेल, अंगाला नाही. अंगाला डाळीचं पीठ, डोक्याला शिकेकाई.

दिवाळीची पहिली अंघोळ मला अजून दिसते. चार वाजता उठवत. बंबाखाली जाळ, धुराने डोळे चुरचुरत. पाटाभोवती रांगोळी. आई तेल लावी, मग दुधात कालवलेलं उटणं. अर्धी अंघोळ झाली की बाहेर फुलबाजी लावायची, ओवाळायचं, आणि शेवटी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. बी जिभेला लावायचं, कडू जहर! आधी पुरुष, मग मुलं, मग सवाष्णी.

मी आठ वर्षांची असेन. माझी अंघोळ झाली, वाटीत थोडं उटणं उरलं होतं. आत्या मागच्या दारी निखारे सारत होती. मी गंमत म्हणून मागून जाऊन तिच्या दोन्ही गालांना उटणं फासलं. ती हसली. खरंच हसली, दात दिसले. तेवढ्यात आजी मोरीच्या दारात आली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "धुऊन टाक ते." आत्या उठली, आडावर गेली आणि त्या थंडीत दोन घागरी डोक्यावरून ओतून घेतल्या. मला कोणी रागावलं नाही. दिवसभर कोणी काही बोललंच नाही.

विधवेने अभ्यंग करायचा नाही, सुगंधी द्रव्य लावायचं नाही, विडा खायचा नाही, असं धर्मशास्त्रात लिहिलेलं होतं. आठ दिवस खलबत्त्यात कुटायला शास्त्राची हरकत नव्हती! आणि हे कुठे, तर वाईत. जिथे प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाचं काम चाललं होतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शास्त्राच्याच आधाराने रूढी मोडून काढत होते. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं १८९३ साली, आश्रम काढला १८९६ साली. हे सगळं मी फळ्यावर सनावळीसकट लिहीत आले. आमच्या वाड्याच्या मोरीपर्यंत यातली एकही सनावळ १९५९ पर्यंत पोचली नव्हती.

तर नातीला यादी द्यायची म्हणून मी ट्रंकेतून अण्णांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. वाडा पाडला तेव्हा भावाने त्या माझ्याकडे दिल्या होत्या. 'तू इतिहासवाली, तूच ठेव.' अण्णांचं अक्षर मोत्यासारखं. दर आश्विनात उटण्याचा जिन्नस ओळीने लिहिलेला आहे. नागरमोथा पाव शेर, वाळा एक जुडी, कपूरकाचरी छटाक... पुढे शेर-छटाक जाऊन ग्रॅम येतात. त्यामुळे माझं काम सोपं झालं. प्रमाण बरंचसं हाती लागलं. जटामांसीही निघाली, ती मी साफ विसरले होते.

आणि प्रत्येक वर्षी त्या यादीच्या खाली, वेगळ्या ओळीत: 'गोदरेज वडी १ – ताईस.'

१९५४ पासून पुढे दर वर्षी. एक वर्ष सोडून. त्या वर्षी आजोबा गेले होते, दिवाळीच नव्हती.

मी भावाला फोन लावला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला माहीत होतं! म्हणाला, "अगं, आडाजवळच्या कोनाड्यात असायची ना ती वडी, विटेमागे. अण्णांनी आजीला सांगितलं होतं, यात चरबी नाही, आणि शास्त्रात साबण हा शब्दच नाही, मग त्याला बंदी कुठून आली? आजी काही बोलली नाही. तिने त्या कोनाड्याकडे बघणं सोडून दिलं."

मला आठवलं. दिवाळीत आत्याच्या कुशीत शिरलं की वेगळा वास यायचा. उटण्याचा नाही. मी तो आत्याचाच वास समजत होते.

अण्णांबद्दल माझं मत काय करावं मला अजून ठरवता येत नाही. बहिणीसाठी त्यांनी पळवाट काढली, तीही पोथीच्या भाषेत, हे खरं. पण पंधरा वर्षं विटेमागे वडी ठेवणारा माणूस एकदा पाटावर बस म्हणू शकला नसता का? की त्या घरात तेवढंच होण्यासारखं होतं? भाऊ म्हणतो, तू आजच्या चष्म्यातून बघतेस. मी म्हटलं, मी मोरीच्या दारातून बघतेय, तिथे मी उभी होते. (यावर आमचं थोडं वाजलं. आता ठीक आहे.)

एक मात्र सांगते. शास्त्रात साबण नाही हे अण्णांचं म्हणणं काटेकोरपणे खरं नव्हतं. फेनक आहेच की. आजीला ठाऊक नव्हतं तेच बरं झालं.

माझं लग्न १९७२ च्या उन्हाळ्यात झालं आणि मी सोलापूरला आले. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. दोन तांब्यांत अंघोळ, आणि तेच पाणी खाली घंगाळात धरून फरशी पुसायची. दिवाळसणाला आम्ही वाईला गेलो तेव्हा कृष्णेच्या घाटावर हे नुसते बघत उभे राहिले. नातीच्या टबात दीडशे लिटर पाणी लागतं असं तिनेच सांगितलं. आमची बादली पंधरा लिटरची. टबाचं गणित माझ्या डोक्यात अजून बसत नाही, पण ते तिला बोलून दाखवलं नाही.

त्या दिवाळसणाच्या पहाटे मी आत्याला पाटावर बसवायला गेले. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. नवं लग्न, बीएची पदवी, अंगात जोर होता. तेलाची वाटी घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, आज मी लावणार. तिने माझा हात धरला. म्हणाली, "नको गं. आता सवय नाही राहिली. अंगाला खाजेल मला." मी खूप आग्रह केला. तिने मला उठवलं आणि म्हणाली, पाणी निवतंय, जावईबापूंना हाक मार. जाताना तिने तो पितळेचा डबा माझ्या ट्रंकेत घातला, उटण्याने भरलेला. कृती विचारायचं मला सुचलं नाही. आत्या करते, मग कृती कशाला? ती १९७९ मध्ये गेली.

सोलापुरात आमचा मोती साबणाचा संसार सुरू झाला. टाटांचा तो मोठा गोल वडीचा साबण, दिवाळीचा म्हणून वेगळा आणायचा. उटण्याची पुडी शाळेतली मुलं विकायला आणत, ती घ्यायची, वासापुरती चिमूटभर लावायची. १९९३ ला टाटांची ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये गेली तेव्हा मला उगीचच वाईट वाटलं होतं. माझ्या संसारात उटणं कधी कुटलं नाही. नोकरी, दोन मुलं, पेपर तपासणं. खलबत्ता लसणीपुरता.

यंदा वह्यांतून यादी जुळवली, जिन्नस आणले आणि मिक्सरमधून काढले. खलबत्त्याएवढं बारीक होत नाही, पण वस्त्रगाळ केलं. केवडा मिळाला नाही. वास जवळपास आला. अगदी तोच नाही. काहीतरी राहिलंय. ते वहीत नाही, म्हणजे विकत आणलेलं नसणार. परसातलं असेल. मरवा? दवणा? भावाला आठवत नाही. वाचणाऱ्यांत कोणाच्या आजीचं वाईकडचं उटणं असेल तर कळवा.

नातीला यादी पाठवली. तिला एडिसनच्या भारतीय दुकानात नागरमोथा आणि वाळा मिळाला. आंबेहळद नव्हती म्हणून तिने घरातली साधी हळद घेतली, सोड्यात ओलसर कालवून रात्रभर ठेवली आणि सकाळी बाकीचं घालून गोळे वळले. परवा पुन्हा फोन, रडवेला आवाज. "आजी, पिवळे व्हायला हवे होते ना? हे बघ." कॅमेरा गोळ्यांकडे वळवला. ठिकठिकाणी लालभडक.

मी हसले. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू असंच तर होतं. आमच्या सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात केम नावाचं गाव आहे, तिथलं कुंकू प्रसिद्ध. हळद आणि क्षार, मुळात एवढंच. मी तिला सांगितलं, "तू बॉम्ब करायला गेलीस आणि कुंकू करून बसलीस."

"मग टाकून देऊ?"

"कशाला? टब लाल होईल तेवढाच. पुढच्या वेळी हळद घालू नको, मुलतानी माती घाल."

ती गोळा हातात फिरवत बघत होती. मग म्हणाली, "नको. लालच छान दिसतोय. आजी, एक तुझ्या आत्याच्या नावाने सोडू का?" तिला मी ती गोष्ट सांगितली होती.

मी म्हटलं, सोड. पण पाणी कोमट घे, फार कढत नको.